मतदार अठराचा, उमेदवार पंचविसाचा

'आजचे तरुण उद्याचे राज्यकर्ते' हे वाक्य आपण स्नेहसंमेलनात दरवर्षी ऐकतो. हा 'उद्या' कायद्याने केव्हा उजाडतो, ते राज्यशास्त्राच्या अभ्यासाच्या निमित्ताने मी पाहिले.

६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. उमेदवारीचे वय मात्र जागचे हलले नाही : लोकसभा-विधानसभेला २५, राज्यसभा-विधान परिषदेला ३०. संसदीय समितीने २०२३ मध्ये लोकसभा-विधानसभेसाठी ते १८ करावे असे सुचवले. निवडणूक आयोगाला ते पटले नाही.

माझ्या मते खरी अडचण वयाची नाहीच. २०२४ च्या लोकसभेत सर्वांत तरुण म्हणून चार नावे गाजली : शांभवी चौधरी, पुष्पेंद्र सरोज, प्रिया सरोज आणि संजना जाटव. पहिल्या तिघांचे वडील राजकारणात मुरलेले. त्याच वर्षी आपल्या विधानसभेतले सर्वांत तरुण आमदार ठरले रोहित पाटील, आर. आर. पाटलांचे चिरंजीव. त्यांच्या पात्रतेविषयी मला शंका घ्यायची नाही. पण विधानसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून ४० लाख रुपयांपर्यंत खर्चाची मुभा आहे, आणि आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्या आकड्यातली शून्ये मला वहीत मांडून पाहावी लागली!

संजना जाटव यांची वाट निराळी. त्या राजस्थानात अलवर जिल्हा परिषदेच्या सदस्य होत्या. २०२३ मध्ये विधानसभेला अवघ्या ४०९ मतांनी पडल्या आणि पुढच्याच वर्षी भरतपूरमधून खासदार झाल्या. घराणे नसलेल्याला अशी खालची पायरी लागते.

ती पायरी घटनेत आहे. ७३ व्या दुरुस्तीने पंचायतीच्या उमेदवारीला २१ वर्षे पुरेशी मानली. त्याच दुरुस्तीने स्त्रियांना एक-तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. सरपंचबाईंच्या खुर्चीत यजमान बसतात, हे खरे. तरी जागा राखली म्हणूनच बाई सभेला येऊ लागली. तशाच ग्रामपंचायतीच्या काही जागा तिशीच्या आतल्यांसाठी राखाव्यात, असे मला वाटते. कोणी म्हणेल, पुढाऱ्यांचीच पोरे उभी राहतील. राहोत, एका गावात पुढाऱ्यांना पोरे असून असणार किती?

ग्रामसभेला मात्र अठराच पुरतात. यंदा आमच्या गावच्या ग्रामसभेला मी गेलो. बोलणारे सारे पन्नाशीपुढचे, आम्ही पोरे भिंतीला टेकून. पाणीपट्टीच्या हिशेबाविषयी विचारले, तर 'आधी शिक, मग बोल' असे उत्तर आले. प्रश्न निदान इतिवृत्तात घ्या, असे मी म्हणालो. ग्रामसेवकांनी माझे नाव विचारून तो लिहून घेतला.

— द्वितीय वर्ष, कला