कळांचा क्रम असा का?

मुलांनो, संगणकाचा कळफलक तुम्ही पाहिला आहे. इंग्रजी मुळाक्षरे आपण ए, बी, सी, डी या क्रमाने शिकतो. मग कळफलकाच्या वरच्या ओळीत क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय ही अक्षरे कशी आली? या सहा अक्षरांवरून या मांडणीला ‘क्वर्टी’ म्हणतात. तिचा जन्म संगणकाच्या कितीतरी आधी, टाइपरायटरसाठी झाला.

अमेरिकेतील मिलवॉकी शहरात ख्रिस्तोफर शोल्स नावाचे गृहस्थ राहत. ते मुद्रक होते आणि वृत्तपत्राचे संपादकही. सॅम्युअल सूल या मित्राबरोबर ते पानांवर क्रमांक छापणारे यंत्र तयार करीत होते. कार्लोस ग्लिडन यांनी ते पाहिले व अंकांप्रमाणे अक्षरेही छापावीत असे सुचवले. १८६८ साली या तिघांना टाइपरायटरचे पेटंट मिळाले. त्या यंत्राच्या कळा पियानोच्या पट्ट्यांसारख्या होत्या आणि अक्षरे मुळाक्षरांच्या क्रमानेच होती.

यंत्राच्या पोटात धातूच्या दांड्या गोलाकार टांगलेल्या असत. प्रत्येक दांडीच्या टोकाला एक अक्षर असे. कळ दाबली की दांडी वर उसळे आणि कागदावर खालून आघात करी. त्यामुळे लिहिलेली ओळ लगेच दिसत नसे. शेजारच्या दोन दांड्या एकदम उठल्या तर त्या एकमेकींत अडकत आणि काम थांबे. शोल्स अनेक वर्षे अक्षरांच्या जागा बदलून पाहत राहिले.

वारंवार एकापाठोपाठ येणारी अक्षरे दूर ठेवण्यासाठी हा क्रम ठरला, असे पुष्कळ लोक सांगतात. कोणी म्हणतात, लिहिणाऱ्याचा वेग कमी व्हावा म्हणून तो केला. हे दुसरे कारण काही पटत नाही. विकायला काढलेले यंत्र मुद्दाम मंद कोण करील? पहिले कारणही पुरे पडत नाही. इंग्रजीत ई आणि आर किती तरी वेळा जोडीने येतात, आणि कळफलकावर त्या शेजारीशेजारीच आहेत!

जपानमधील कोइची यासुओका आणि मोतोको यासुओका या संशोधकांनी २०११ साली निराळे मत मांडले. तारेने येणारे संदेश ऐकून लिहिणारे लोक सुरुवातीपासून ही यंत्रे वापरत होते. त्या काळच्या अमेरिकन तारभाषेत झेडची खूण आणि एस-ई ही जोडी जवळजवळ सारखी वाटे. पुढचे अक्षर ऐकल्यावरच नक्की काय ते कळे. म्हणून एस ही कळ झेड आणि ई या दोघींच्या जवळ हवी होती. कळफलकावर पाहा, ती तेथेच आहे. जुन्या क्रमाची खूणही मधल्या ओळीत उरली आहे: डी, एफ, जी, एच, जे, के, एल. मधले ई आणि आय तेवढे वर गेले.

१८७३ साली बंदुका व शिवणयंत्रे बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने हे यंत्र बनवण्याचे काम घेतले. १८७४ साली ते बाजारात आले. त्यावर फुलांची नक्षी होती, किंमत १२५ डॉलर होती आणि फक्त मोठी इंग्रजी अक्षरेच उमटत. १८७८ च्या यंत्रावर लहान अक्षरेही आली. पुढे रेमिंग्टन आणि इतर प्रमुख कंपन्या १८९३ साली एकत्र आल्या, आणि क्वर्टी सर्वत्र पसरली.

१९३६ साली ऑगस्ट ड्व्होराक आणि विल्यम डीली यांनी नवी मांडणी केली. सर्व स्वर त्यांनी मधल्या ओळीत, डाव्या हाताखाली ठेवले. पण तोपर्यंत कचेऱ्यांत क्वर्टीची यंत्रे होती आणि लोकांची बोटे तिला सरावली होती. पुन्हा शिकणार कोण?

या सवयीचा आपल्या उर्दूशीही संबंध आहे. उर्दूच्या उच्चारानुसारी कळफलकात क्यूच्या कळेवर काफ, डब्ल्यूवर वाव, आरवर रे आणि टीवर ते असते. लिपी उजवीकडून डावीकडे जाते, पण अक्षरांच्या जागा मिलवॉकीच्या त्या टाइपरायटरवरून आलेल्या आहेत.