अश्वाची शस्त्रक्रिया आणि दोन दुर्मीळ संकटे

बालरोगतज्ज्ञाने अश्वांविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथून विकत घेतलेला घोडा वरातीला जुंपणाऱ्या कुटुंबाची सारी मिळकत त्या एका जनावरावर असते. नर घोडा शांत राहावा म्हणून त्याचे खच्चीकरण, म्हणजे वृषण काढण्याची शस्त्रक्रिया, करतात. ती बहुधा सुखरूप पार पडते. तथापि तिच्यानंतर क्वचित ओढवणारी दोन संकटे आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या परिचयाची आहेत.

पहिले संकट आतडे बाहेर येण्याचे. गर्भावस्थेत वृषण उदरातून खाली उतरताना उदरावरणाची पिशवीही सोबत येते. मानवी बालकात हा मार्ग बहुधा जन्माच्या सुमारास अथवा पुढे काही काळात बंद होतो. न झाल्यास जांघेचा हर्निया उद्भवू शकतो. अश्वात मात्र तो आयुष्यभर खुला असतो. निचऱ्यासाठी जखम उघडी ठेवली असता त्यातून आतडे उतरू शकते. असे बहुधा पहिल्या काही तासांत, क्वचित काही दिवसांनी घडते. अशा वेळी घोड्यास शांत ठेवून स्वच्छ, ओल्या कापडाने आतड्यास आधार द्यावा व पशुवैद्यास तत्काळ बोलवावे. विलंबाने आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो; हर्निया अडकलेल्या तान्ह्या बाळाच्या बाबतीतही हाच धोका असतो.

दुसरे संकट धनुर्वाताचे. त्याचे बीजाणू मातीत व लिदीत असतात आणि घोडा या विषास फार लवकर बळी पडतो. लक्षणे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दिसतात. तोवर जखम भरूनही आलेली असते. १८९० साली बेहरिंग व कितासातो यांनी प्रतिविषाचा शोध प्रसिद्ध केला. पुढे घोड्यांच्याच रक्तद्रवापासून ते तयार होऊ लागले आणि असंख्य माणसांचे प्राण वाचले.

भारतात माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. मातीतील बीजाणू मात्र नाहीसे झालेले नाहीत. म्हणून गरोदर मातेची व बालकाची लस चुकवू नये. घोड्यालाही शस्त्रक्रियेपूर्वी लस द्यावी आणि पहिली रात्र त्याच्याजवळ जागावे. रक्ताचे थेंब मोजता येत असतील तर धीर धरावा. धार लागली तर पशुवैद्यास बोलवावे. संकट दुर्मीळ असले, तरी ज्याच्या दारी येते त्याला ते पुरतेच भोगावे लागते.