पाणी थांबल्यावर आधी ओरडणारा अलार्म

शिडाच्या बोटीतले डिझेल इंजिन बहुधा पायऱ्यांखाली, बंद पेटीत असते. त्यातून निघणारा धूर काहीशे अंश सेल्सिअस तापलेला असतो, तरी तो बाहेर जातो रबरी नळीतून. ही किमया समुद्राच्या पाण्याची. पंप बोटीच्या बुडातून पाणी ओढतो, ते हीट एक्स्चेंजरमधून फिरते आणि शेवटी एक्झॉस्टच्या एल्बोत धुरात मिसळते. नळीत शिरेपर्यंत धूर साधारण ४० ते ७० अंशांवर उतरतो. पाणीच आले नाही, तर नळी आणि पुढचा प्लॅस्टिकचा मफलर काही मिनिटांत जळू लागतो.

मुंबई बंदरातल्या एका बोटमालकाने हे मांडव्याहून परतताना अनुभवले. वारा पडल्यामुळे इंजिन चालू होते. तरंगती प्लॅस्टिकची पिशवी पाणी ओढणाऱ्या तोंडावर चिकटली. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. धुरासोबत मागून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा खळखळाट मात्र थांबला, त्याजागी कोरडा फटफटाट सुरू झाला आणि रबर जळल्याचा वास आला. इंजिनाचा स्वतःचा अलार्म वाजला, तोवर त्याचा हात बंद करण्याच्या बटणावर गेलेला होता. इंजिन वाचले. नळी, मफलर आणि पंपाचा इम्पेलर नवे घ्यावे लागले.

त्या अलार्मचा दोष नव्हता. तो इंजिनात फिरणाऱ्या कूलंटवर लक्ष ठेवतो आणि बहुतेक इंजिनांत ९५ ते १०० अंशांच्या आसपास वाजतो. एवढा लोखंडी ब्लॉक आणि त्यातले कूलंट तापायला वेळ लागतो. रबरी इम्पेलर कोरडा फिरला, तर त्याआधीच त्याची पाती तुटतात. म्हणून त्या मालकाने एक्झॉस्टच्या नळीचा वेगळा अलार्म शोधायला घेतला.

बाजारात दोन जाती दिसतात. एकीत सेन्सर पट्ट्याने नळीवर बाहेरून आवळतात. छिद्र पाडावे लागत नाही, पण रबर उष्णता हळू सोडते, म्हणून इशारा किंचित उशिरा मिळतो. दुसरीत सेन्सर नळीत छिद्र पाडून बसवतात. तो चटकन जाणतो, मात्र सांधा सैल झाला तर पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो. छोट्या बोटीला पहिली जात पुरते. सेन्सर एल्बोच्या लगेच पुढे, नळीच्या वरच्या अंगाला हवा. पाणी कमी झाले की उरलेले तळाशी वाहते आणि वरचा भाग आधी तापतो.

अलार्म किती अंशांना वाजावा, हे आपल्या पाण्यावर ठरते. युरोपातल्या थंड समुद्रात ६० अंशांची मर्यादा चालून जाईल. मुंबईत मे महिन्यात समुद्राचेच पाणी ३० अंशांच्या घरात असते, तिथे तो उगाच कोकलेल. आधी इंजिन पूर्ण वेगात चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरने नळीचे तापमान मोजावे आणि त्याच्या १५-२० अंश वरची मर्यादा निवडावी.

खरेदीआधी आणखी एक प्रश्न विचारावा: वायर तुटली तर काय होईल? तापल्यावर जुळणारा स्विच असेल, तर तुटक्या वायरीचा अलार्म गप्पच बसतो. थंड असताना जुळलेला आणि तापल्यावर सुटणारा स्विच वायर तुटताच बोंब मारतो. किल्ली फिरवताच बझर क्षणभर वाजतो का, सुकाणूपाशी तो डिझेलच्या आवाजावर ऐकू येतो का, हेही तपासावे. वर्षातून एकदा सेन्सर काढून गरम पाण्यात बुडवला, की परीक्षा होते.

उभ्या लोखंडी धुराड्याच्या, कोरड्या एक्झॉस्टच्या बोटींना हा अलार्म निरुपयोगी आहे. तिथे काहीशे अंश मोजणारे थर्मोकपल लागते.

अलार्म वाजलाच, तर इंजिन लगेच बंद करावे. शीड उभारावे किंवा नांगर टाकावा. मग पाणी ओढणारे तोंड, गाळणी आणि इम्पेलर याच क्रमाने पाहावे. इम्पेलरची पाती तुटली असतील तर सगळे तुकडे मोजून काढावेत, कारण हरवलेला तुकडा हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत अडकून नव्या इम्पेलरचेही पाणी अडवतो.