लेकीच्या धावेची खरी वेळ: घरचं घड्याळ

मैत्रिणींनो, आपल्या लेकी पहाटे उठून पोलीस भरतीसाठी पळतात. १०० मीटरला थोडक्या वेळावर गुण कमी-जास्त होतात. सरावाला आपण मोबाईलचं स्टॉपवॉच लावतो. पण धूर किंवा झेंडा पाहून बोट दाबेपर्यंत वेळ निघून जातो. म्हणून हाताने घेतलेली १०० मीटरची वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडताना तीत ०.२४ सेकंद मिळवतात. हातघड्याळावर पास झालेली पोर मैदानात मागे पडते, ती अशी.

साहित्य: आर्डुइनो उनो बोर्ड, लहान लेझर, प्रकाश ओळखणारा सेन्सर, आकडे दाखवणारा डिस्प्ले, बझर, दुहेरी संपर्काचं बटण, लांब वायर, पॉवर बँक. प्रोग्रॅम आयटीआयच्या मुलामुलींकडून करून घ्या.

कसं चालतं? बटण दाबलं की एका संपर्काने बझर वाजतो, दुसऱ्याने घड्याळ सुरू होतं. शेवटच्या रेषेवर एका बाजूला लेझर, समोर सेन्सर. धावणारीने किरण तोडला की घड्याळ थांबतं. बझर सुरुवातीलाच ठेवा. शेवटाला ठेवला तर आवाज १०० मीटर पोचायला सुमारे ०.३ सेकंद लागतात! किरण छातीच्या उंचीवर हवा, कारण नियमात धड रेषेवर पोचणं धरतात. हात आधी आडवा आला तर वेळ चुकते, ती धाव पुन्हा घ्या. एका वेळी एकीलाच पळवा.

डबा: झाकणाचा प्लास्टिकचा डबा चालतो. डिस्प्लेसाठी झाकणात खिडकी कापा. वायर खालच्या बाजूने आत घ्या आणि आत गाठ मारा, म्हणजे ओढ बसली तरी जोड सुटत नाही. सेन्सरला काळ्या नळीचा तुकडा लावा, नाहीतर ऊन त्याला फसवतं. डबा सावलीत ठेवा.

तपासणी: घड्याळ मोबाईलशी १० मिनिटं ताडून पाहा. एक सेकंदाचा फरक पडला, तरी १५ सेकंदांच्या धावेत तो ०.०२५ सेकंदच होतो. काही पॉवर बँक वीज कमी लागली की आपोआप बंद पडतात. आधी अर्धा तास चालवून बघा.

खबरदारी: लेझर ५ मिलिवॉटपेक्षा जास्त नको. त्यात कोणीही डोळा लावू नये. आपल्या छातीची उंची म्हणजे लहान मुलांचे डोळे, म्हणून तिथे दोरी बांधा.

बैठकीत ठरवा: घड्याळ कोण सांभाळणार, आणि प्रत्येक मुलीची वेळ कोणत्या वहीत लिहिणार? कर्जाची नोंद आपण चुकवत नाही, मग लेकीच्या धावेची का चुकवायची?