युद्धपटातील सत्य : गणवेशाचे आणि शिपायाचे

युद्धपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक बहुधा एकच शेरा मारतो : 'अगदी खरे वाटते!' पण 'खरे' म्हणजे नेमके काय, असे विचारले की उत्तरे स्फोट, रक्त, चिखल आणि तोफांचे आवाज यांच्याभोवतीच घुटमळतात. जरा अधिक चोखंदळ प्रेक्षक असेल तर तो शिरस्त्राणाचा आकार, बंदुकीचा नमुना, गणवेशावरची बटणे तपासतो. या तपासणीला मी नावे ठेवणार नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती करायलाच हवी. मात्र सामान्य शिपायावरचा चित्रपट बटणांच्या परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही शिपायाविषयी खोटे बोलू शकतो, आणि याच्या उलटही घडते. हे पाहण्यासाठी एकाच कादंबरीवरून निघालेले दोन चित्रपट प्रस्तुत लेखात शेजारी शेजारी ठेवले आहेत.

त्याआधी एका जुन्या माहितीपटाची गोष्ट सांगायला हवी. 'द बॅटल ऑफ द सॉम' हा ब्रिटिश मूकपट ऑगस्ट १९१६ मध्ये, म्हणजे फ्रान्समधील ती लढाई चालू असतानाच, प्रदर्शित झाला. पहिल्या सहा आठवड्यांत त्याची सुमारे दोन कोटी तिकिटे खपली. ज्या दृश्याने प्रेक्षागृहे हादरली ते असे : शिपाई खंदकातून वर चढतात, त्यांतला एक जण कडेवरच कोसळतो आणि घसरत खाली येतो. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की हे दृश्य आघाडीपासून दूर, मुद्दाम रचून घेतलेले होते. याच चित्रपटात एका खोलगट रस्त्याच्या कडेला हल्ल्याच्या हुकमाची वाट पाहत बसलेले शिपाई दिसतात. कोणी कॅमेऱ्याकडे बघतो, कोणी नजर चुकवतो. बाकी काहीही घडत नाही. हे दृश्य मात्र खरे आहे, आणि त्या माणसांपैकी अनेकांच्या आयुष्याचा तो शेवटचा तास होता. लोकांनी लक्षात ठेवला तो पडणारा शिपाई. प्रेक्षकाला 'खरे वाटणे' हा पुरावा किती लंगडा असतो, ते येथे दिसते.

आता मूळ विषयाकडे वळू. एरिख मारिया रेमार्क या जर्मन लेखकाची 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या इंग्रजी नावाने आपल्याला परिचित असलेली कादंबरी १९२८ च्या अखेरीस वृत्तपत्रातून क्रमशः आली आणि जानेवारी १९२९ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. रेमार्क स्वतः १९१७ मध्ये आघाडीवर होता आणि तेथे जखमी झाला होता. कादंबरीचे मूळ जर्मन नाव अधिक कोरडे आहे. 'पश्चिमेकडे नवे काही नाही' असा त्याचा सरळ अर्थ. ही लष्करी बातमीपत्राची भाषा आहे. पाउल बॉयमर हा कथानायक ऑक्टोबर १९१८ मधल्या एका शांत दिवशी मरतो, आणि त्या दिवशी सेनेच्या अहवालात कळवण्याजोगे काहीच नसते. कादंबरीचा सारा भार या विसंगतीवर उभा आहे.

१९३० साली लुई माइलस्टोन या दिग्दर्शकाने हॉलिवूडमध्ये तिच्यावर बोलपट काढला. बटणांचा हिशेब मांडायचा तर या चित्रपटाला अनेक ठिकाणी गुण कापावे लागतील. फ्रान्सची भूमी म्हणून कॅलिफोर्निया आहे आणि जर्मन पोरे अस्सल अमेरिकन वळणाचे इंग्रजी बोलतात! तरीही काळजी घेतलेली दिसते. त्या भागात स्थायिक झालेल्या माजी जर्मन सैनिकांची मदत घेतली होती. आरंभी टोकदार शिरस्त्राण आणि पुढे पोलादी, हा १९१६ च्या सुमारास झालेला बदलही चित्रपट पाळतो. मशिनगनच्या माऱ्यासमोर धावून येणारी रांग ओळीने कोसळताना कॅमेरा तिच्या समांतर सरकत जातो. त्यात शौर्याला वाव नाही. गवत कापले जावे तशी माणसे पडतात.

पण मला या चित्रपटाचे खरे बळ वाटते ते लढाईबाहेरच्या प्रसंगांत. आचाऱ्याने पूर्ण तुकडीपुरते अन्न शिजवून ठेवले आहे आणि परत आली आहे ती निम्मी तुकडी. आज प्रत्येकाला दुप्पट वाढप मिळणार म्हणून भुकेली पोरे खूष होतात, आणि आचारी मात्र नियमाप्रमाणे मोजून वाढू पाहतो. मृत्यूची बेरीज येथे भाकरीच्या हिशेबात कळते. शिपायाला युद्ध असेच कळत असावे. त्याला नकाशा ठाऊक नसतो; आज जेवण आले का, मोजे कोरडे आहेत का, शेजारचा जागेवर आहे का, एवढेच ठाऊक असते. रजेवर गावी गेलेल्या पाउलला त्याचे मास्तर वर्गासमोर उभे करून वीरकथा सांगायला सांगतात, आणि त्याने खरे सांगताच मुले त्याला भेकड ठरवतात. वर्गातल्या या भाषणाला कादंबरीत जागा नाही. ही भर चित्रपटाची. तीच गोष्ट शेवटाची. पडद्यावर पाउल खंदकाबाहेरच्या फुलपाखराकडे हात लांबवतो आणि गोळी लागून तो हात निर्जीव होतो. (दिसतो तो हात दिग्दर्शक माइलस्टोनचा, असे सांगतात.) फुलपाखरू कादंबरीत असे येत नाही. तरी मृत्यू येतो तो शांत क्षणी, बिनमहत्त्वाचा, कोणाच्याही अहवालात न जाणारा. तपशील बदलला, पण अर्थ शाबूत राहिला.

हा चित्रपट डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनला लागला तेव्हा गोबेल्सच्या नेतृत्वाखाली नाझींनी प्रेक्षागृहात दुर्गंधीचे गोळे फोडले, पांढरे उंदीर सोडले आणि खेळ बंद पाडला. थोड्याच दिवसांत जर्मनीत चित्रपटावर बंदी आली. त्यांची तक्रार शिरस्त्राणाच्या आकाराबद्दल नव्हती. जर्मन शिपाई भुकेला, घाबरलेला, रडणारा दिसतो, हे त्यांना सोसवले नाही. गोबेल्स स्वतः पायातील व्यंगामुळे सैन्यात जाऊच शकला नव्हता, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

२०२२ साली एडवर्ड बेर्गर याने याच कादंबरीवर जर्मन भाषेत चित्रपट काढला. तांत्रिक बाजूने तो पहिल्यापेक्षा कितीतरी सरस आहे. चिखल, ओले कापड, अंगावर येणारे रणगाडे, आग ओकणारी यंत्रे हे सारे पाहून अंगावर काटा येतो. आरंभीचा प्रसंग तर फारच चांगला. मेलेल्या शिपायांचे गणवेश धुतले जातात, भोके शिवली जातात आणि तेच कपडे नव्या भरतीला मिळतात. पाउलच्या कोटात दुसऱ्याच कोणाच्या नावाची पट्टी सापडते, आणि कारकून ती सहज ओढून टाकतो. हेही कादंबरीत नाही, पण मेलेल्या मित्राचे बूट एका पायातून दुसऱ्या पायात जातात, हा कादंबरीतला धागाच येथे वेगळ्या रूपाने आला आहे. चित्रपटाला चार ऑस्कर मिळाली. जर्मनीतील अनेक समीक्षक मात्र नाराज होते, आणि मला त्यांचे म्हणणे पटते.

पहिली उणीव म्हणजे रजेचा प्रसंग येथे गाळला आहे. गावात गेल्यावर आपण इथले उरलो नाही, ही जाणीव गेली की शिपायाचे अर्धे दुःख गेले. त्या जागी येतात तहाची बोलणी करणारे एर्झबेर्गर आणि मेजवानी झोडणारा एक कल्पित सेनापती. जे शिपायाला कधीच दिसले नसते ते प्रेक्षकाला दाखवले जाते, आणि प्रेक्षक शिपायाच्या शेजारून उठून त्याच्यापेक्षा उंच जागी जाऊन बसतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहाटे पाचच्या सुमारास युद्धविरामावर सह्या झाल्या आणि तो अकरा वाजता अमलात आला. चित्रपटातला सेनापती शेवटच्या मिनिटांत जर्मन पोरांना हल्ल्यावर पाठवतो आणि पाउल अकराच्या ठोक्याला मरतो. वस्तुतः त्या वेळी जर्मन सेना माघार घेत होती. त्या सकाळी हल्ले चालू होते ते दोस्तांच्या बाजूने, विशेषतः अमेरिकन तुकड्यांचे. हेन्री गुंथर हा अमेरिकन शिपाई दहा वाजून एकोणसाठ मिनिटांनी जर्मन ठाण्यावर धावून गेला. जर्मनांनी त्याला हातवारे करून मागे फिरायला सांगितले. तो थांबला नाही, तेव्हा त्यांनी गोळी झाडली. म्हणजे प्रत्यक्षातला प्रसंग चित्रपटाच्या नेमका उलटा आहे, आणि त्याहून विलक्षण. शिवाय पाउलला अकराच्या ठोक्याला मारल्याने त्याचे मरण 'कळवण्याजोगे' होऊन बसते. त्याला घड्याळ मिळते, खलनायक मिळतो, इतिहासातली तारीख मिळते. ज्या कादंबरीचे नावच 'नवे काही नाही' असे आहे, तिच्या नायकाला युद्धातल्या सर्वांत मोठ्या बातमीच्या दिवशी मारणे हा माझ्या मते तपशिलाचा दोष नाही. तेथे अर्थच पालटला आहे. फुलपाखराची कल्पना मला म्हणूनच चालते, ही चालत नाही.

या संदर्भात आपल्याकडचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. त्याच महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा येथे महिनोन्महिने वेढ्यात उपासमार सोसून ती सेना २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. त्या शिपायांसाठी कोणी रेमार्क झाला नाही. उद्या कोणी त्यांच्यावर चित्रपट काढला तर पट्टे, पगड्या आणि बंदुका संग्रहालयांतून सहज मिळतील. शिपायाला काय दिसत होते, हे शोधणे अवघड. पण अशक्य नाही. फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रे ब्रिटिश अधिकारी तपासत असत, आणि त्या तपासणीसाठी केलेले उतारे आजही लंडनमध्ये जपून ठेवलेले आहेत. आपली पत्रे कोणीतरी वाचतो, हे शिपायांना पक्के ठाऊक होते. म्हणून हिंदी फौजेला ते काळी मिरी म्हणत आणि गोऱ्या फौजेला लाल मिरची. आणि काळी मिरी संपत आली आहे, असे घरी कळवत.