हिवाळ्यातील दूध

म्हैस वर्षभर सारखे दूध देत नाही. हिवाळ्यात दूध विपुल असते, उन्हाळ्यात ते आटते. शहराची मागणी मात्र बारमाही असते. गुजरातमधील खेडा जिल्ह्यात ही विषमता शेतकऱ्यांच्या मुळावर येई. आणंद येथे १९४६ साली स्थापन झालेला त्यांचा सहकारी संघ मुंबईस दूध पाठवीत असे. परंतु हिवाळ्यातील सारे दूध मुंबईला नको असे, आणि दूध तर थांबत नाही.

उपाय होता भुकटीचा. म्हशीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून त्याची भुकटी होणे नाही, असे पाश्चात्त्य तज्ज्ञ म्हणत. हरिचंद दलाया यांनी ती करून दाखविली व १९५५ साली आणंदचा कारखाना चालू झाला. निर्वात पात्रात मंद उष्णतेवर दूध आटवावयाचे, मग त्याचे तुषार उष्ण हवेत उडवावयाचे. थेंब खाली पडेपर्यंत कोरडा होतो. उन्हाळ्यात याच भुकटीचे पुन्हा दूध करता येते.

आमच्या मते याहून मोलाचे साधन लहानसेच होते: स्निग्धांश मोजण्याची काचनळी. दुधात गंधकाम्ल मिसळून ती वेगाने फिरविली की स्निग्धांश वर येतो व मोजता येतो. भाव त्यावरच ठरल्याने पाणी घालण्यात लाभ उरला नाही, आणि एका म्हशीच्या धन्यासही मोठ्या खातेदाराचाच दर मिळू लागला. पुढे या नळीची जागा विद्युत् यंत्रांनी घेतली.

वैरणीचा प्रश्न मात्र कारखान्याने सुटत नाही. भूमिहीनास ती विकत घ्यावी लागते, आणि दूध आटते त्याच उन्हाळ्यात ती महागते.