वीस गुंठे आणि उपग्रहाची नजर

माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांत 'रान किती?' असे विचारले, तर उत्तर पुष्कळदा गुंठ्यांत येते. गुंठा म्हणजे 33 फूट लांब-रुंद जमीन. सुमारे 101 चौरस मीटर. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-2 उपग्रहांच्या चित्रातील सर्वांत लहान चौकट, म्हणजे पिक्सेल, 100 चौरस मीटरची असते. योगायोगाने आपल्या गुंठ्याएवढीच! ही चित्रे विनामूल्य मिळतात.

निरोगी पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परावर्तित करते. या दोहोंतील फरकावरून पीक कोठे सुकू लागले, हे संशोधकास कळते.

तथापि वाटण्या होऊन वीस गुंठ्यांची पट्टी दहा-बारा मीटर रुंद उरली, की एकाच पिक्सेलमध्ये आपली ज्वारी, बांधावरची बाभूळ आणि शेजाऱ्याचे डाळिंब मिसळते. आकडा मिळतो, पण तो कोणाच्याच पिकाचा नसतो. खरिपात ढग आड येतात, ते वेगळेच. ज्याला आधार हवा, तो अल्पभूधारकच नकाशात पुसट व्हावा, हे खटकते.

म्हणून बांधावरची नोंद मोलाची ठरते. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या शेतात उभा राहून मोबाईलवर पिकाचे छायाचित्र घेतो. सोबत अक्षांश-रेखांश नोंदले जातात आणि पीक सातबाऱ्यावर येते. साधा फोन बाळगणाऱ्या एखाद्या आजीची नोंद मात्र वसतिगृहातला नातू सुटीत घरी येईपर्यंत खोळंबते, आणि मुदत तोवर थांबत नाही.